चाळीस दिवसांचं दुखणं, चार खिशांत

तीर्थरूप आक्कास,

आणि वर मलाच म्हणतो, बाई, या वयात असं व्हायचंच. आता तूच सांग, छप्पन्न हे काय वय झालं? आपली आत्या त्र्याऐंशीव्या वर्षी जिना चढून भांडायला येत होती. आणि हे सांगताना त्या डॉक्टरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कागदाकडे बघून सांगितलं. कागदाचं वय झालं असेल, माझं नाही.

नमस्कार राहिला. साष्टांग लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण खरोखरचा घालायला सांगू नकोस. खाली गेले तर वर यायला दोन माणसं लागतील आणि आमच्या घरात एकच आहे, त्यांचीही कंबर धरलेली. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला? (उत्तर देऊ नकोस, भाऊजी स्वतःच फोनवर खोकून दाखवतात.) पत्र दुपारी तीनला लिहायला घेतलंय, कारण माझी बोटं अकराच्या आत माझी नसतात.

तर तो डॉक्टर. माझं सकाळचं तुला माहीत आहे. उठले की दोन्ही हात म्हणजे फळ्या. मूठ वळत नाही, नळ फिरत नाही, वेणी यांच्याकडून घालून घ्यावी लागते (आणि यांनी घातलेली वेणी म्हणजे गवताची पेंढी). दहा-साडेदहापर्यंत हळूहळू सुटतात. जेवणापर्यंत मी माणसात येते. आणि दवाखान्यात माझा नंबर लागतो दुपारी साडेचारला. तेव्हा हा म्हणतो मूठ करा. मी करते. उघडा. उघडते. मग म्हणतो, अहो छान चाललंय की. चार वेळा गेले. एकदा वजन उतरवा म्हणाला, एकदा काळजी करू नका म्हणाला, आणि तिसऱ्यांदा विचारलं की घरी काही ताण आहे का. मी म्हटलं, आहे, बरणीचं झाकण उघडत नाही. त्यानं लिहिलं: ताण आहे. चौथ्या वेळी म्हणाला, कधी दुखतं, किती वेळ दुखतं, सगळं रोजच्या रोज लिहून ठेवा, नुसतं दुखतं दुखतं म्हणून मला काय कळणार. (तूही आक्का, तेव्हा म्हणालीस की मन रमव म्हणजे दुखणं विसरशील. मी विसरले नाही. दुखणंही नाही आणि तुझं बोलणंही नाही.)

आता लिहिणार कोण? मी चौथीतून उठलेली. आणि सकाळी पेन धरायला बोटं लागतात, ती असती तर दुखणं कशाला असतं? पण सुई मला पेनापेक्षा जवळची. सुई मी अंगठा आणि तळहाताच्या कडेत कशीतरी पकडते. म्हणून मी कोटाच्या कापडाचा एक उरलेला तुकडा घेतला, पांढरा, हातभर. रोज उठल्या उठल्या त्यावर लाल दोऱ्यानं वीतभर धावदोरा घालायचा, आणि त्याच्याच खाली दुपारी चारला निळ्या दोऱ्यानं वीतभर. चाळीस दिवस केलं. निळी ओळ बघावी तर माझ्या एकतीस वर्षांच्या हातशिलाईला शोभेल अशी, टाक्याला टाका. लाल ओळ म्हणजे मुंग्या वरातीतून पिऊन परत येतायत. एका सकाळी तर तीनच टाके पडले. पण पडले.

हा तुकडा मी पिशवीतून कारखान्यात न्यायचे, चारची ओळ घालायला. आमच्या कारखान्यात सहा मशिनी आणि एक कापायचं टेबल, दवाखान्यांचे कोट, चादरी, पडदे, असलं काम. कापायच्या टेबलावर चष्मेवाली असते. बाई सोन्यासारखी, पण तिच्या डोळ्यांसमोर चिंधी वाया जात नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी मी तुकडा टेबलावर ठेवला आणि हात शेकायला कपभर गरम पाणी आणायला गेले. बोटं सुटेपर्यंत तिथेच शेकत बसले, परत येते तो तुकडा नाही. चष्मेवालीनं त्याचे चार आतले खिसे कापून मशीनवर देऊनही टाकले होते. म्हणाली, कुणीतरी नवी मुलगी टाके शिकत असेल असं वाटलं, म्हणून टाके आतल्या बाजूला घेतलेत, बाहेरून कुणाला दिसायचं नाही. मी म्हटलं, बये, ती नवी मुलगी मीच. तोवर कोटांचा गठ्ठा टेम्पोत आणि टेम्पो दवाखान्यात. दवाखाना कोणता? तोच. माझाच.

मी कारखान्याच्या मास्तरांना काही विचारलं नाही. दोन दिवसांनी सकाळीच गळ्यात टेप अडकवली, पिशवीत कात्री टाकली आणि निघाले. आक्का, एक गोष्ट त्या दिवशी कळली, गळ्यात टेप असली ना की शिकली-सवरलेली माणसं आपोआप हात वर करतात. त्यांच्या गळ्यात नळी, माझ्या गळ्यात टेप. मी नुसतं म्हणायचे, कोट आमच्याकडचा आहे, खिसा तपासायचाय, आणि आत हात घालून उलटा करायचे. हाडांचा डॉक्टर उभा राहिला अगदी शहाण्या मुलासारखा. त्याच्या खिशात माझे पहिले दहा दिवस निघाले आणि एक दाढीचं ब्लेड, कशासाठी ते मी विचारलं नाही. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे दुसरे दहा, चॉकलेटनं चिकटलेले. तिसरा कोट अजून खुंटीवरच होता. मी अंगठ्यात कशीबशी कात्री धरून जागच्या जागी खिसे उसवून घेत होते आणि परत टाकून देईन म्हणून सांगत होते. नर्स माझ्यामागे फिरत होती, आधी मला हाकलायला आणि नंतर पुढे काय होतंय ते बघायला.

चौथा खिसा कुणाकडे असेल ते तुला कळलंच असेल. मलाही कळलं होतं, म्हणून तो मी शेवटी ठेवला. सकाळचे साडेनऊ झाले होते. बाहेर बाकावर चौदा माणसं. हा मला बघून म्हणाला, तुमचा नंबर आज नाही. मी म्हटलं, माझं काम तुमच्याकडे नाही, तुमच्या खिशाकडे आहे. हात वर करा. केले. खिसा उलटला तर एक अर्धं बिस्कीट, दोन पेनं, आणि एकतिसावा ते चाळिसावा दिवस.

त्यानं उलटा खिसा डोळ्यांजवळ ओढला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "ही शिलाई कुणाची? इतकी वेडीवाकडी?"

"माझी. सकाळची."

"आणि ही खालची, निळी?"

"माझीच. दुपारी चारची. तुम्ही दर वेळी हीच बघता."

मी बाकीचे तीन खिसे त्याच्या टेबलावर ओळीनं मांडले. तो खुर्चीत बसला. मला वाटलं आता बाहेर काढतो. तर त्यानं माझा उजवा हात हातात घेतला, आक्का, पाच खेपांमध्ये पहिल्यांदा. एकेक पेर दाबून बघितलं. मूठ करा म्हणाला. नाही झाली. मग सकाळी किती वेळ असं राहतं, कधीपासून, पाय धरतात का, सगळं विचारलं आणि या वेळी माझ्याकडे बघून विचारलं. शेवटी हळूच म्हणाला, मी तुम्हाला नेहमी चुकीच्या वेळी बघत होतो. मी म्हटलं, तुम्ही बघत होतात कुठे. नर्स खोकली. (भाऊजींसारखी नाही, हसू दाबायला.)

रक्त तपासलं. आमवात निघाला. मनाचा नाही, वयाचा नाही, चांगला रक्तात लिहिलेला. तुला खोटं वाटेल पण मी घरी नाचत आले, म्हणजे दुपारी, जेवढं नाचता येतं तेवढं. यांना म्हटलं, मला आमवात आहे! हे घाबरून उभे राहिले आणि मी हसतेय. कारखान्यात चष्मेवालीला मिठीच मारली. ती बिचारी अजून माफीच मागतेय आणि मी तिचे आभार मानतेय. हा आजार जायचा नाही, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, पण आवरता येतो. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे. दीड महिना झाला. लाल ओळीत मुंग्या अजून सरळ चालत नाहीत, पण शुद्धीवर आहेत. आणि माझा नंबर सकाळी आठचा.

बाकी सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. चौघांचे खिसे मी नवे लावून दिले. डॉक्टरचा जरा खोल केलाय, बिस्कीट मोडू नये म्हणून.

ता. क. दुसरा. डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. मी नाही म्हटलं आणि मग रात्रभर चुळबुळले. गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा तेलाची बाटली मी तुझ्याकडे दिली, तू माझ्याकडे दिलीस, आणि शेवटी आपण दोघी ती शेजारणीकडे घेऊन गेलो. तू म्हणालीस, झाकणच मेलं घट्ट आहे. शेजारणीनं दोन बोटांनी उघडलं.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. आई सकाळी कप दोन्ही हातांनी धरायची. आपण म्हणायचो, ऊब घेते. आक्का, आई ऊब घेत नव्हती. तिला कुणी विचारलं नाही, आपणही नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी आठचा नंबर मी तुझ्या नावानं लावून ठेवलाय. आदल्या दिवशी ये, इथेच राहा, आणि सकाळी गरम पाण्यात हात घालू नकोस, जसे असतील तसे घेऊन चल. 'काही झालेलं नाही' हे मला लिहू नकोस, ते मी त्या डॉक्टरच्या तोंडून चारदा ऐकलंय. सोमवारपर्यंत उत्तर हवं, आणि त्यात 'बघते' हा शब्द नको. नाहीतर मंगळवारी मी टेप घेऊन तुझ्या दारात.