धापूबाईची सून आणि सरकारचा डबा

जुना जालना,
१२ मार्च २००७

चि. देवानंदास,

मावशीचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, बायकोचा दमा आणि दिल्लीतलं तुझं प्रसारण खातं, तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. माझी तब्येत उत्तम आहे. डोकं तेवढं तापलेलं आहे, आणि त्याचं कारण तू संक्रांतीला बसवून गेलास : माझ्या गच्चीवर छत्री आणि टीव्हीखाली तो सेट-टॉप बॉक्सचा डबा.

"मुंबईत हुकूम निघालाय मावशी, आज ना उद्या जालन्यातही डबा सक्तीचा होईल," म्हणालास. का, म्हणून विचारलं (कॉन्व्हेंटात सिस्टर छडी मारायच्या आधीही कारण सांगत), तर म्हणे जुन्या पद्धतीत एक चॅनेल हवेतल्या लहरींत जेवढी जागा अडवतं तेवढ्यात नव्या पद्धतीत सहा मावतात, उरलेली जागा सरकार मोबाईलवाल्यांना देणार. शिवाय केबलवाले कर चुकवायला घरं कमी दाखवतात तेही उघडं पडणार. म्हाताऱ्यांना एका खोलीत सारून बाकीच्या भाड्याने देणारे मुलगे मी या गल्लीत पाहिलेत. सरकारही त्यांतलंच.

पण धापूबाईचं काय? तीस वर्षांची शेजारीण. केबलची एकच वायर आम्हा दोघींच्या घरांत होती (हो, एकाच जोडणीवर. मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे याची मला आठवण करून देऊ नकोस). मी बातम्या बघे, ती मालिका. तू तीच वायर डब्याला जोडलीस. आता मी जे लावीन ते तिच्याही टीव्हीवर! पहिल्याच संध्याकाळी मी लोकसभा लावली, तर भिंतीपलीकडून किंकाळी : "अवो बाई, सून जहर पिऊन राह्यली होती! मधीच हे भांडणारे बाप्ये कुठून आणले?" (खऱ्या सुनेला तिने एवढं कधी जपलं नाही.) दुसऱ्या दिवशी बाई स्वतःची खुर्ची घेऊनच आल्या. तेव्हापासून रोज सात ते नऊ रिमोट तिच्या पदराखाली. सून मरत नाही, धापूबाई उठत नाही, आणि पापड भाजायला गॅस माझा.

तेव्हा हा डबा ताबडतोब काढून ने.

तुझी,
उषामावशी

ता. क. : डब्यासाठी मुद्दाम रजा काढू नकोस. काल धापूबाईला ताप होता, आली नाही. मालिका मीच लावून ठेवली आणि दोनदा भिंत वाजवून विचारलं, दिसतंय ना. सुनेला दवाखान्यात हलवलंय.

आणखी एक : तिचा मुलगा जुगलकिशोर पुण्याहून तिच्यासाठी वेगळा डबा पाठवतो आहे. तू सरकारी माणूस, तुझं तो ऐकेल. फोन करून सांग, लागून असलेल्या दोन घरांत दोन डबे लावायला बंदी आहे. का, म्हणून विचारील. कारण सांगत बसू नकोस. हुकूम आहे म्हण.