कॅल्शियमची बाटली

सांगली, ता. १६ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
हरीचा शि. सा. नमस्कार. येथील सर्व ठीक, तिकडील कुशल कळवावे.

फोन असताना पत्र कशाला, असे म्हणशील. अक्का, तुला कमी ऐकू येते म्हणून तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि ओसरीवर निम्मी आळी बसलेली असते. मागे मला मूळव्याध झाली तेव्हा तुमच्या गावातून चौघांचे उपाय आले होते. तरी हे पत्र वाचून चुलीत घालणे.

विषय आपल्या अनीशचा. त्याची आई जानेवारीत गेली, पोरगा एकदाही रडला नाही. आम्हाला वाटले, खंबीर आहे. मग बोलणे बंद, जेवण बंद, झोप बंद. बारावीच्या एका पेपराला कोरी उत्तरपत्रिका देऊन आला. मिरजेच्या डॉक्टरांनी नैराश्य असे निदान केले आहे. हा शब्द मी आजवर फक्त निवडणूक हरलेल्या पक्षांबद्दल वाचला होता.

आता वर्षाच्या आत थोरल्या प्रांजलचे लग्न उरकले नाही तर तीन वर्षे थांबावे लागेल, हे तू जाणतेसच. कुंडलच्या दिग्विजयकडची बोलणी जुळत आली आहेत. त्याची आत्या साळूबाई तुझ्याच आळीत दिलेली. नवरीच्या भावाच्या डोक्यात बिघाड आहे असे तिला कळले, की विषय संपला. म्हणून अनीशला उन्हाळाभर तुझ्याकडे धाडतो. डॉक्टरांच्या गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत भरल्या आहेत. रोज रात्री जेवणानंतर एक. कोणी विचारल्यास पोराची हाडे ठिसूळ आहेत असे सांगावे.

लोभ आहेच, तोंड तेवढे आवरावे.
तुझा हरी

दहिवडीजवळ, ता. ३ मे

चि. हरीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. पत्र चुलीत घातलं, भाकरी चांगली फुगली.

तुझं पोरगं पोचलं. पयले आठ दिवस भिताडाकडं तोंड करून बसलं. मी काय बोलले न्हाई, भिताड आपलंच हाय. हाडं ठिसूळ हायती म्हनून सांगितलं, तर सगळी आळी हळदीचं दूध घेऊन हजर! साळूबाई तर लय मागं लागलीया. तिचे गुडघे दुखत्यात, म्हनून तिलाबी त्यातली गोळी पायजे. रोज काय तरी सांगून टाळती मी.

आता खरी बातमी. शेजारच्या तात्याबाची नात ओवी लोणंदहून सुट्टीला आलीया. अनीशएवढीच हाय. तात्याबाची मेंढरं पाण्यावर न्यायला ती निघाली की ह्यो बी निघतो. परवा अनीश हसला. व्हय, हसला! ती घसरून शेणात पडली, तवा. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या त्यानं. मी आत जाऊन डोळं पुसलं.

त्यानं तिला बाटलीचं खरं सांगितलंय. तिच्या आईला बी हेच दुखणं व्हतं. घरच्यांनी बाहेरचं हाय म्हनून भंडारा लावला, देवरुशी केले, डॉक्टर तेवढा केला न्हाई. बाई जीवानिशी गेली. म्हनून ही पोरगी रोज जेवणं झाली की येती अन् त्यानं गोळी गिळली का बघती. त्याच्याकडं बघताना तिचं त्वांड कसं उजळतं, ते मला कळतंय. माझं बी एकदा सोळावं वरीस झालं व्हतं रं.

प्रांजलला माझा गोड पापा. जिवाला जप.
अक्का

सांगली, ता. ८ मे

ती. अक्कास,
नमस्कार. पत्र पावले, रक्तदाब वाढला.

अक्का, आजार निदान बाटलीत भरता येतो. प्रेम कशात भरू? डॉक्टरांनी हवापालट सांगितली होती. त्यात मुलगी येत नाही. महिनाअखेरीस लग्नाची बैठक आहे आणि हा तिकडे मेंढरांमागे हसत हिंडतो! तात्याबाला समजावून तिला ताबडतोब लोणंदला पाठव. कारण विचारल्यास अनीशला लोकरीची ॲलर्जी आहे असे सांग.

तुझ्या सोळाव्या वर्षाचे म्हणशील, तर तेव्हा बाबांनी तुला महिन्याभरात उजवली होती. कोणाचे काय बिघडले?

राग नसावा, कृपा असावी.
हरी

दहिवडीजवळ, ता. १९ मे

चि. हरीस,
आशीर्वाद.

काय बिघडलं ते माझं मला ठावं. तरीबी तुझं ऐकलं. तात्याबाच्या कानावर घातलं, त्यानं ओवीला लोणंदच्या गाडीत बसवलं. अनीश उंबऱ्यात उभा राहून बघत व्हता. मग परत भिताड.

दुसऱ्या दिवशी मी रानात गेल्यावर साळूबाईनं फळीवरची बाटली काढून दोन गोळ्या खाल्ल्या अन् माझ्याच ओसरीवर आडवी झाली. हलवली तरी उठंना! बाया जमल्या. कुनी म्हनं ऊन लागलं, कुनी म्हनं बाहेरचं. नाकाला कांदा झाला, भंडाऱ्याची पिशवी बी आली. मला खरं ठावं, पर तुझ्या बैठकीपायी माझी जीभ टाळ्याला चिकटली. तवा अनीश आतनं आला अन् सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हनला की ती गोळी कॅल्शियमची न्हाई, माझ्या मनाच्या आजाराची हाय, आदी डॉक्टरला बोलवा. लाज वाटली मला माझी. डॉक्टरीणबाई आल्या, तपासलं, म्हनल्या झोपंल अन् उठंल.

साळूबाई उठली ती थेट माझ्याम्होरं. सोयरीक मोडली म्हनून मी धरूनच चालले व्हते. तर ती म्हनं, मालक गेल्यापास्नं अशी झोप लागली नव्हती, पोराच्या त्या डॉक्टरचा पत्ता दे! अन् हळूच सांगितलं, दिग्विजयचा बाप बी दोन सालं झाली असल्याच गोळ्या खातोय. त्या लोकांनी त्या बीपीच्या डबीत ठेवल्यात. तुला कळू नये म्हनून.

हसू का रडू कळंना. पर अनीश कालपास्नं रडतोय, थांबतच न्हाई. मला लय भ्या वाटतंय. तू ये.

अक्का

दहिवडीजवळ, ता. २० मे

प्रिय बाबा,
सा. न. आत्यानं तुम्हाला घाबरवलं असेल. मी रडतोय हे खरं आहे. गोळी चालू आहे आणि फोनवर डॉक्टरांशीही बोललोय.

ओवी गेली म्हणून रडायला लागलो. मला ती आवडते, हे तुम्हाला सांगून टाकतो. ती तिच्या आईबद्दल दिवसभर बोलायची. आई काय रांधायची, कशी ओरडायची, कुठल्या गोष्टीला फिदीफिदी हसायची. आपल्या घरी तेराव्यानंतर आईचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. मला त्रास होऊ नये म्हणून तुम्ही तिचा चहाचा कपही माळ्यावर टाकलात. काल रडता रडता मध्येच माझ्या लक्षात आलं की मी ओवीसाठी रडतच नाहीये. आई गेली, बाबा. मला आत्ता कळलं.

मला गप्प करू नका. ताईच्या लग्नाला वर्षाची मुदत आहे, रडायला नाही ना? आणि तुम्हीही रडला नाहीत.

वाट बघतो.
तुमचा अनीश

सांगली, ता. २४ मे

चि. अनीशला,
अनेक आशीर्वाद. कुंडलला फोन करून सर्व खरे सांगितले. व्याह्यांनी आधी एवढेच विचारले की सकाळी उठल्यावर पोराला तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते का. बैठक ठरल्या दिवशीच आहे म्हणाले. तात्याबांकडून ओवीचा पत्ता घेऊन ठेव. तिला पत्र लिहायला माझी हरकत नाही.

तुझे पत्र मी कचेरीतच उघडले होते. पुढची अक्षरे दिसेनाशी झाली. शेजारच्या टेबलावरच्या माने साहेबांनी काय झाले म्हणून विचारले. डोळ्यात कचरा गेला, असे तोंडावर आले होते. पण बायको वारली, असे सांगितले. ते गोंधळून म्हणाले की त्या तर जानेवारीत गेल्या ना. मी म्हणालो, हो.

उद्याच्या पहिल्या एसटीने निघतो.
बाबा