कॉफीच्या डब्यातला सांगाडा

प्रिय ड्वेन,

तुझ्याआधी हे पत्र तुरुंगातला कुणीतरी शिपाई फोडून वाचणार, तेव्हा आधी त्यालाच नमस्कार. बाबा रे, यात खुणेची भाषा नाही, पाकिटात काही चिकटवलेलं नाही. थोरल्या भावाने धाकट्याला लिहिलंय. वाच आणि पुढे दे.

मी घरी आलोय. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. डॉक्टरांनी वाचवायची खटपट केली, पण शेवटी म्हणाले, हाडाचा भुगा झालाय, भुगा काही जोडता येत नाही. कुत्री रोज सकाळी येऊन पॅन्टचा रिकामा पाय हुंगते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू मीच तो कुठेतरी लपवून ठेवलाय. हरणांच्या शिकारीचा हंगाम हुकला. कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातल्या सोमवारी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, मी रानात नव्हतो, इस्पितळात होतो. घरी आल्यावर खिडकीशी बसून डोंगरातले शेवटचे बार ऐकत होतो आणि प्रत्येक बार उडाला की दचकत होतो. मी! बंदुकीच्या आवाजात पाळण्यात झोपलेला माणूस. बक ओडमने एका संध्याकाळी बंदुकांचं दुकान बंद करून हरणाची एक मांडी आणून दिली. आईने तिचा रस्सा केला, नेहमीसारखा अळणी. तू असतास तर तिच्या तोंडावर बोलला असतास, मी मुकाट्याने खाल्ला.

त्या शनिवारबद्दल आपण एक शब्द बोललेलो नाही. मला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, तुला गाडीत कोंबलं, झालं. तर मी सुरुवातीपासून सांगतो. त्यातली एक गोष्ट तुला अजून माहीत नाही.

सकाळी बँकेचा फोन आला. तुला माहीतच आहे, माझं कार्ड म्हणजे गावची विहीर, कुणीही यावं आणि पोहरा टाकावा. गेल्या वर्षी फ्लोरिडातल्या कुणीतरी त्याच्यावर बायकांचे बूट घेतले होते. होल्स्टर, तेल, काडतुसं, सगळं मी ऑनलाइन मागवणार, तेही ज्या दुकानाचं नावगाव कुणी ऐकलेलं नाही तिथून, मग दुसरं काय होणार? बाई म्हणाली, "सर, काही संशयास्पद खरेदी दिसतेय." मी लगेच पेटलो. म्हटलं, "बाई, तुम्ही लोक मला बारा प्रश्न विचारता, माझ्या आईचं माहेरचं नाव विचारता, आणि चोराला मात्र काही विचारत नाही!" बिचारी ऐकून घेत होती. मग तिने वस्तू वाचायला घेतल्या. पॉइंट ४५ बोअरच्या पिस्तुलाचा वरचा सरकता भाग. नळी. स्प्रिंग. मॅगझिन. एकेक वस्तू वेगवेगळ्या दुकानातली. तिला वाटत होतं, कुणीतरी गाडीचे सुटे भाग घेतलेत. आणि पार्सलं कुठे गेली? माझ्याच पत्त्यावर. ती हसून म्हणाली, "फारच प्रामाणिक चोर दिसतोय, सर. फसवणूक म्हणून नोंदवू ना?"

मी हसलो नाही. ड्वेन, ते भाग मी एका श्वासात मनात जुळवले. कुणी काय विकत घेतलं यापेक्षा काय विकत घेतलं नाही, ते मला ऐकू आलं. सांगाडा, म्हणजे मूठ आणि चाप असलेला खालचा भाग, त्यात नव्हता. कायद्याच्या लेखी सांगाडा म्हणजेच बंदूक. नंबर त्याच्यावर असतो, चौकशी त्याची होते. बाकीचं सगळं नुसतं लोखंड, टपालाने घरपोच येतं. सांगाडा सोडून सगळं घेणाऱ्या माणसाकडे सांगाडा आधीच असतो. मी फोन तसाच टाकून गॅरेजमध्ये गेलो. रंगाच्या डब्यांमागे कॉफीच्या डब्यात माझा एक जुना सांगाडा पडून होता, तो डबा रिकामा होता. आणि तू माझ्याकडे राहायला आल्यापासून वरच्या खोलीत पसरलेला तुझा बिछाना घडी घालून ठेवलेला होता. तू आयुष्यात कधी बिछान्याची घडी घातली नाहीस.

तुला बंदूक का घेता येत नाही, हे तुरुंगातल्या त्या शिपायाला माहीत नसेल, म्हणून लिहितो. तू तुझ्या बायकोचा, रोझानचा, हात गाडीच्या दारात धरलास आणि दार लावलंस. एकदा नाही. मनगटाचं हाड बाहेर आलं होतं. जज्जने हुकूम काढला की तिच्या घराच्या आसपास फिरकायचं नाही आणि जवळ शस्त्र ठेवायचं नाही. तुझ्या सगळ्या बंदुका मी माझ्या तिजोरीत आणून ठेवल्या. बाबांची रायफल देताना तू रडलास, तेव्हा मला तुझीच दया आली. मनगट रोझानचं मोडलं होतं आणि मी कीव तुझी करत होतो! असल्या हुकमांच्या विरोधात मी विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभा राहिलेला माणूस. सरकारने कुणाच्या घरात हात घालू नये, असं मी घसा फोडून ओरडलोय. अजूनही मला त्या लोकांचा फारसा भरवसा वाटत नाही. पण तू एखादी बंदूक दे म्हणून दुकानात बकला पटवायला गेलास आणि त्याने दार दाखवलं, तेव्हा मला मनातून बरं वाटलं. मग तू माझ्याकडे आलास. "व्हर्न, तुझ्या नावावर एक घे ना, मला वाढदिवसाची भेट म्हणून दे. भावाने भावाला भेट द्यायला कायद्याची ना नाही." मी म्हटलं, "भेट द्यायला ना नाही, गाढवा, पण तुला द्यायला आहे." तू दात काढलेस. "कोल्ह्यांना मारायला हवी होती," म्हणालास. मीही हसलो. आपण दोघांनी त्या दिवशी पेपरोनी रोल खाल्ले आणि तुझ्या मनात काय चाललंय हे मी विचारलं नाही.

मी शेरीफच्या कचेरीला फोन केला. हायवेवर ट्रक उलटला होता, सगळे तिकडे. "पोरं मोकळी झाली की पाठवतो," म्हणाले. रोझानच्या खोऱ्यात फोन लागत नाही. तिच्या घरापासून सगळ्यात जवळ मीच होतो. मी माझं पिस्तूल कमरेला लावलं आणि गाडी अशी हाणली की वळणावर कुंपणाचे दोन खांब घेऊन गेलो. डोंगरभर बार उडत होते. हंगामाच्या आधीचा शनिवार, जो तो रायफलीचा नेम जुळवत बसलेला. म्हणजे तिच्या घरात काही झालं असतं तरी कुणी मान वर करून बघितलं नसतं. तू दिवस मुद्दाम निवडलास का? मला विचारायचं नाहीये. मला माहीत आहे.

गाडी घरामागे लावून आत गेलो, तर रोझान स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. मोडलेल्या मनगटाने सुरी नीट धरता येत नाही, तिने चिंधी गुंडाळली होती. मी म्हटलं, "चल, ऊठ, गाडीत बस." ती म्हणाली, "किती वेळा पळू मी, व्हर्न? हे घर माझ्या आईचं आहे." मी तिला हाताला धरून उठवत होतो, तेवढ्यात तुझा ट्रक आला. ती म्हणाली, "तू आत जा. तुला बघून तो जास्त पिसाळेल. मी बोलते." आणि मी गेलो, मागच्या खोलीत, दाराआड. एवढा मोठा बंदूकबाज, आणि एका बाईचं ऐकून दाराआड लपलो.

तू दार लाथेने उघडलंस. कडी उडून माझ्या पायाशी आली. "बोलायला नाही आलो मी," म्हणालास. "एक तुला, एक मला, संपलं. आज कुणी जज्ज नाही तुझा." रोझान म्हणाली, "ड्वेन, चहा..." ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही. तू पिस्तुलाने तिच्या तोंडावर मारलंस. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो. हरणाचा सांधा तोडताना तसाच येतो. ती टेबलावरून घसरली, तिच्यामागोमाग सफरचंदं. तू तिचे केस धरून मान वर केलीस आणि नळी तिच्या कपाळाला लावलीस.

मी बाहेर आलो. माझी नळी तुझ्या कानाच्या मागे होती, आणि माझं बोट चापावर अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. हे तुला माहीत हवं. मी तुला घाबरवत नव्हतो. मी तुला मारत होतो, ड्वेन. ज्याला मी पहिली रायफल धरायला शिकवलं, त्याच्या डोक्यात मी गोळी घालत होतो. तरी तोंडातून ओरड निघाली, "टाक खाली!" तू मागे वळून बघितलंस. लहानपणी बाबांनी पट्टा काढला की बघायचास ना, तसंच. आणि तू टाकलंस. हात लांब करून, बोटं पसरून, लाकडी जमिनीवर.

पिस्तूल उडालं. माझा पाय गेला. पुढचं तुझ्याइतकं मला आठवत नाही. रोझान तोंड धरून दाराकडे सरपटत होती. तू स्वतःचा पट्टा काढून माझ्या मांडीला आवळलास, सगळं रक्त तुझ्या छातीवर, आणि लहान पोरासारखा ओरडत होतास, "मी मारलं व्हर्नला, मी मारलं." ट्रकपासून मोकळे होऊन शेरीफचे डेप्युटी आले तेव्हाही तू तेच सांगत होतास. तुझ्या जबानीत तेच आहे, वकिलाने मला वाचून दाखवलं. "मी माझ्या भावावर गोळी झाडली." आणि खाली असंही, की रोझानला काही करायला तू गेलाच नव्हतास, नुसतं भेटायला गेला होतास.

आता डब्याचं ऐक. त्यातला सांगाडा ज्या पिस्तुलाचा, ते मी नेमबाजीच्या शर्यतीसाठी घेतलं होतं. चाप हलका हवा म्हणून मी घोडा अडवून धरणारी खाच स्वतः कानशीने घासली. बकने बजावलं होतं, "हे तुझं काम नाही, माझ्याकडे आण." पण आपल्या लोकांची खोड तुला माहीतच आहे, आपण सगळे जन्मजात कारागीर. खाच इतकी झिजली की एकदा भरलेलं पिस्तूल बाकावर जरा जोरात ठेवलं आणि ते आपोआप उडालं. चापाला कुणाचं बोट नव्हतं. गोळी माझ्या ट्रकच्या रेडिएटरमधून गेली. लाज वाटली म्हणून सगळ्यांना सांगितलं, पैशांची अडचण होती, वरचा भाग विकला. खरं फक्त बकला ठाऊक. घासलेल्या खाचेसकट सांगाडा डब्यात टाकला. मोडीत द्यायचा होता, राहून गेलं.

म्हणजे तू माझ्यावर गोळी झाडलीच नाहीस. मी म्हटलं तसं केलंस, पिस्तूल सोडलंस. आदळल्यावर ते आपोआप उडालं. तू गेले तीन आठवडे कोठडीत जे उरावर घेऊन बसलायस, ते तुझं नाहीच. हे तुला माझ्याकडून, माझ्या अक्षरात कळावं, म्हणून लिहायला बसलो.

आणि आता दुसरं. मंगळवारी सुनावणी आहे आणि मला बोलावलंय. तुझा वकील परवा येऊन गेला, बोलायला गोड माणूस. म्हणाला, पिस्तुलाच्या दोषाचं तेवढं सांगा, बाकी तुम्ही दाराआड होता, तुम्हाला काय ऐकू येणार? मग तो फार तर वर्षाभरात बाहेर. आई हात जोडून बसली होती. "एक पोरगा लंगडा झाला, दुसरा तरी मला परत दे." मी तिचे जोडलेले हात सोडवले. काल बँकेच्या बाईला फोन केला. ती खरेदी अजून तशीच लटकत होती. म्हटलं, "नोंदवा फसवणूक." तिने विचारलं, "करणाऱ्याला ओळखता का, सर?" म्हटलं, "हो. माझा भाऊ." आधी मी जज्जला सांगणार, की ड्वेनने माझ्यावर गोळी झाडलेली नाही, त्याची कबुली खोटी आहे. मग "एक तुला, एक मला" हेही सांगणार, शब्द न् शब्द. पाय माझाच गेलाय, तेव्हा दोन्ही गोष्टींवर ते विश्वास ठेवतील. तू पुष्कळ वर्षं आत राहशील. रोझानच्या गालात धातूची पट्टी बसवलीय, ती त्याच घरात राहते, आणि मी तिच्या दाराला नवी कडी लावून आलोय. मंगळवारी मी बोलत असताना तू माझ्याकडे बघू नकोस. तू बघितलंस, तर मला बोलता यायचं नाही.

तुझाच भाऊ,
व्हर्न