वरच्या दोन खोल्या

प्रिय सवे,

तू माहेरी आल्यापासून तुझा मोबाईल तुझी आईच उचलते. "बरी हाय ती," एवढंच मला ऐकू येतं. म्हणून हे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहिते आहे. तुझ्या लग्नाआधी आपण दोघी काम करायचो त्या लाईनवरचा भागवत उद्या खर्ड्याला घरी निघालाय, तो पाकीट तुझ्याच हातात देईल.

रविवारी मिरजगावला मला बघायला आले होते. मुलगा संदीप, पुण्यात नोकरी, स्वतःचा फ्लॅट. माणूस सरळ वाटला. मी विचारलं, मला सुप्याची नोकरी सोडायची नाही, मधे कुठं राहता येईल का? तो विचार करायला लागला होता गं. तेवढ्यात त्याचे मामा हसले, "पोरीनं ह्ये इचारायचं असतं व्हय?" मग तोही हसला. ते हसणं माझ्या डोक्यातून जाईना.

घरी माझ्या कपाटात वहिनीनं बाळाचे कपडे लावलेत. तिची चूक नाही, मी महिन्यातून एकदा जाणार. माझे दोन ड्रेस बॅगेतच राहिले. गल्लीत जो तो विचारतो, कधी आलीस? आणि लगेच, कधी निघणार? दुपारच्या एसटीनं निघाले खरी, पण नगरच्या स्टँडवर सुप्याच्या दोन गाड्या समोरून जाऊ दिल्या. उठवेचना. सुपं तरी माझं कुठं आहे? धूळ, ट्रक, पाण्याची बोंब. सव्वीस वर्षांची झाले आणि फॉर्मवर कायमचा पत्ता काय लिहायचा, कळत नाही.

सोमवारी फोनवर आई-दादांना नकार कळवला. दादा म्हणाले, "मंग तू ऱ्हानार कुठं?" तोंडातून निघून गेलं, सुप्यालाच. बोलल्यावर मलाच धडकी भरली. संध्याकाळी आपल्या घरमालकीण बनुबाईंकडे गेले आणि एक तारखेपासून त्यांच्या वरच्या दोन्ही खोल्या ठरवून आले. "एकटीला दोन कशाला गं?" म्हणाल्या. मी दोन्ही खोल्यांचं डिपॉझिट मोजून दिलं.

सवे, दिवाळीत सासरहून फोन करून तू विचारलं होतंस, "येऊ का तुझ्याकडं?" मी म्हणाले, थोडं सांभाळून घे, होईल नीट. तेव्हा तुझा हात प्लास्टरमध्ये होता, हे मला नंतर कळलं. खोली लहान होती म्हणून नाही, लोक काय म्हणतील म्हणून मी तसं बोलले. आता पुढच्या आठवड्यात तुला परत सासरी नेऊन घालणार, असं भागवत सांगतो. मी उपकार करत नाहीये. मलाच एकटीनं राहायची भीती वाटते. पॅकिंगला बायका घेतायत, सुपरवायझरबाईंशी बोलून ठेवलंय. गुरुवारी सुट्टी टाकून खर्ड्याला येते. तुझ्या आईपुढे बसून, सगळ्यांदेखत तुला विचारणार आहे. यायचं नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. यायचं असेल तर काही बोलू नकोस. नुसती चप्पल घालून बाहेर ये.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली,
धनश्री