नावानंतरच्या चार मात्रा

दिग्रस,
१४ नोव्हेंबर २००६

प्रिय दीपा,

जयभीम. प्रफुल्लची बातमी शुक्रवारी कळली. तुझी आणि आईची अवस्था काय असेल, ते विचारायचं धाडस होत नाही. तीन दिवसांच्या तापात तुझा धडधाकट भाऊ गेला, आणि तरी लोक तुला कोपऱ्यात घेऊन विचारत असतील, "फवारणीचं औषध तर नाही ना घेतलं?" या दोन-तीन वर्षांत तरणा माणूस आपल्या मरणाने जातो यावर आपल्याकडे कोणाचा विश्वासच राहिलेला नाही.

आमची गायन पार्टी तुला ठाऊक आहे. मी गाते, हे ढोलकी वाजवतात, बाबुलाल पेटीवर. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही जयंतीला गायचो, लग्नांत गायचो. आता बोलावणं येतं ते फक्त मयताच्या घरून, पुण्यानुमोदनाचं, आणि तेही आठवड्यात दोन-तीन. परवा बाजारात भाजीवाली विमलताई म्हणाली, "सत्यशीलाबाई, तुमी दिसल्या का मले आंधी घरची मानसं मोजा लागते." सगळ्या हसल्या, मीही हसले. शेजारच्या बारशाला पाळणा म्हणायला दारव्ह्याहून मुलगी आणली होती. मला जेवायला बोलावलं.

या गाण्याची एक रीत आहे. घरचे लोक चिठ्ठीवर गेलेल्या माणसाचं नाव, काम, स्वभाव लिहून देतात आणि मी ते ओळींत बसवते. नाव आलं की चार मात्रा थांबायचं. ढोलकी बंद, पेटीचा एकच सूर. तेवढ्यात घरच्यांना रडून घेता येतं. गाणारीने मात्र त्यांच्याकडे पाहायचं नाही. पाहिलं की गळा गेलाच. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "पोरी, एका जागी नजर ठेव. खांबाकडे पाह्य, भितीकडे पाह्य." मी माईकच्या मशीनकडे पाहायचे. पुसद-उमरखेडकडच्या आमच्या सगळ्या कार्यक्रमांना साउंड तुझ्या भावाचाच असायचा. मशीनमागे तो बसलेला असे.

बोलायचा कुठे तो? पण माझा गळा थकला की हे तिकडून ओरडायचे, "जोरात गाय, मांगं आवाज येऊन नाही राह्यला!" आणि प्रफुल्ल वर न बघता हळूच बटन फिरवायचा. मला ताण द्यावाच लागत नसे. अकरा वर्षं असं चाललं. यांना वाटायचं, आपल्या ओरडण्यानेच आवाज वाढतो.

एकदाच काय तो बोलला. महागावला, वायर गुंडाळता गुंडाळता. म्हणाला, "सत्या, एखांद्या दिवशी अशीच गाय ना. कोनी मेलं नसताना." मी गाडीकडे निघाले. हे गाडीत सामान भरून हाका मारत होते. तू मला दोनदा विचारलं होतंस, दादा लग्नाला नाही काहून म्हणते? मी दोन्ही वेळा म्हटलं, मले काय माईत. दीपा, मला माहीत होतं. ढाणकीला आपण एकाच वस्तीत वाढलो, तेव्हापासून माहीत होतं.

काल तुझा फोन आला. दादाले सत्यशीलाचंच गाणं आवडे, रविवारी त्याच्या पुण्यानुमोदनाला तीच पाहिजे. यांनी माझ्यासमोर हो म्हटलं आणि चिठ्ठी लिहून घेतली. नाव प्रफुल्ल, वय छत्तीस, साउंड सर्व्हिस, लग्न नाही. चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ओळी बसव." कालपासून बसवते आहे. नावापर्यंत येते, पुढे जाता येत नाही. रविवारी तिथे थांबले तर मी पाहायचं कुठे? गळा बसला म्हणावं, तर मी अंगात ताप असतानाही गायलेली आहे. जमणार नाही म्हणावं, तर हे पहिलं विचारतील, काहून? त्याचं उत्तर द्यायला लागले तर ते पूर्णच द्यावं लागेल, आणि मग या घरात मी कुठे उभी राहू?

म्हणून हे पत्र. फोन यांच्या खिशात असतो. आज ते ढोलकी मढवायला गेले आहेत, आणि शेजारची मोतीबाई दुपारच्या गाडीने ढाणकीला निघाली आहे, तिच्या हाती देते. वाचून जाळून टाक. उद्या यांना फोन कर आणि सांग, आम्हाला सत्यशीला नको. दुसरं कोणतंही कारण सांगितलंस तर हे त्यातून वाट काढतील, अर्ध्या बिदागीत येतो म्हणतील. तू सांग, तिचा आवाज फाटला, मागच्या वेळी लोक मधूनच उठून गेले, दादाच्या कार्यक्रमात तसं नको. हे चिडतील. तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाहीत. दहा गावांत गोष्ट पसरेल, पसरू दे. माझ्याजवळ नावाजण्यासारखं तेवढं एकच आहे, आणि ते मोडायला मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. फोन येईल तेव्हा मी यांच्या शेजारीच बसलेली असेन. मला लागेल म्हणून शब्द कमी करू नकोस.

तुझीच,
सत्यशीला