आक्काची मांडी

५ जानेवारी २००४, सोमवार
आक्काच्या पोराला, बसवेशला, दोनदा फोन करून सांगितलं होतं, अकराच्या गाडीनं येते, स्टँडवर ये. आला न्हाय. दोन पिशव्या आन ज्वारीचं बोचकं घेऊन विचारत विचारत शिवाजी पेठेत पोचले. तर हा तालमीच्या संघाची मॅच बघायला गेलेला. सख्ख्या मावशीपेक्षा फुटबॉल मोठा. येऊ दे घरी, बघते.

पण आक्काला बघितलं आन राग गेला. काठी टेकून दारात उभी. म्हणाली, शांते, चांगली जाडी झालीस की गं. बारा वर्षांमागं तिचा डावा खुबा बदललाय. आत पोलादी गोळा, त्याला प्लास्टिकची वाटी. आता जरा लंगडते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, रोजचं वहीत लिहा, तपासताना वाचीन. माझी शाळा चौथी. जमेल तसं लिहीन. बिद्रीत माझंबी कोण उरलं न्हाय. दोघी बहिणी परत एका घरात. बरं वाटलं.

९ जानेवारी, शुक्रवार
जेवण चांगलं. दुखत न्हाय म्हणते. चालताना खुब्यातनं बारीक आवाज येतो, जात्यात खडा आल्यासारखा. विचारलं तर म्हणाली, तुझ्या तोंडापेक्षा कमीच वाजतंय. सकाळचं एक काम वहीत लिहायचं न्हाय असं बजावलंय. लिहीत न्हाय.

१६ जानेवारी, शुक्रवार
लिहिते. किती दिवस दाबू.

डॉक्टरांनी पहिल्यापासनं सांगितलंय, मांडी घालायची न्हाय. आक्का रोज सकाळी पाटावर मांडी घालून लिंगपूजा करते. इतकी वर्षं खाटेला धरून बसायची. आता जमत न्हाय, म्हणून मी काखेत हात घालून बसवते आन डावा पाय वळवून देते.

मी भांडले, खुर्चीवर बसून कर की पूजा. म्हणाली, पूजेसाठी न्हाय गं. डॉक्टर, आमच्यात माणूस गेलं की मांडी घालून बसवूनच मातीत ठेवतात. आमचे भीमाप्पामामा गेले तेव्हा ताठले होते. चौघांनी जोर लावून पाय वाकवला. आम्ही दोघी पोरी दारात उभ्या. तो कडाका अजून माझ्या कानात हाय. आक्का म्हणते, पायाला सवय राहिली तर मला कोण मोडणार न्हाय.

मग मी वळवते.

२० जानेवारी, मंगळवार
जांघेत मऊ गाठ आली, लिंबाएवढी. दवाखान्यात नेऊन खुब्याचा फोटो काढला. गोळ्याच्या भोवती हाडात काळी पोकळी.

डॉक्टर म्हणाले, घासून घासून वाटीची पूड सुटली, पिठाहून बारीक. अंगातल्या राखणदार पेशी ती खायला धावतात. पचत न्हाय. मरतात, नव्या येतात, आन त्या गोंधळात अंगच आपलं हाड खात सुटतं. दुखत न्हाय म्हणून कळत न्हाय. शत्रू कोण न्हाय, राखणदारच.

वही मागितली. घरी राहिली म्हणून सांगितलं. पिशवीतच होती.

२४ जानेवारी
आता ती निजलेली असली तरी ऐकू येतं. कणगीत उंदीर कुरतडतो तसं. डॉक्टरला विचारलं, म्हणाले त्याचा आवाज नसतो. मग मी काय ऐकते —

आज पाय वळवणार न्हाय, मी म्हणाले आक्काला. तिनं हात जोडले. मोठी बहीण, माझ्यापुढं —

वळवला.

२७ जानेवारी
मोडला. वळवताना. जोर लावला न्हाय, लिंगाची आण, जोर न्हाय लावला. पापड मोडावा तसा —

ती ओरडली न्हाय. म्हणाली, वहीत लिहू नकोस.

३० जानेवारी, शुक्रवार
पहाटे गेली. रक्ताची गाठ छातीत चढली, डॉक्टर म्हणाले.

बसवायला चौघं पुढं झाले. मी म्हणाले, सरा. एकटीनं पाय धरला. आपसूक वळला. ओल्या फडक्यासारखा. आत अडवायला काय उरलंच —

कडाका न्हाय. कोण मोडलं न्हाय तिला. आधीच —

३१ जानेवारी, शनिवार
डॉक्टर, वही बसवेशकडं देते. सगळं खरं लिहिलंय. सोमवारी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसते, तवर उत्तर लिहून ठेवा. ती पूड बारा वर्षांच्या चालण्यानंच सुटली होती, का मी रोज सकाळी —

पाट उभा करून ठेवलाय. तरी त्या कोपऱ्यातनं कुरतडल्याचं येतंय. सोमवारपर्यंत ऐकते. व्हय का न्हाय, एवढंच. ह्या हातांनी —