अडकलेली सुई

गुरुवार, संध्याकाळ

अंगठ्याजवळ सुई अडकली, तिथंच सगळं बदललं.

मान आखडली म्हणून आत्यानं सकाळी चिकलठाण्याला अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंकडं नेलं. टोचल्याचं कळलंही नाही. मग हात जड झाला, कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. बरं वाटत होतं. तेवढ्यात आठवलं, जिच्यावर माझा जीव, त्या मीराचा आज गंगापूरला साखरपुडा. जाऊन मांडवात तमाशा करायचाच! मूठ आवळली अन् बाई काढायला गेल्या तर सुई निघेना.

"ओढा ना बाई!"

"ओढत नसतात. तूच धरून ठेवलीस तिला." बाईंनी शेजारी दुसरी बारीक सुई टोचली अन् नुसत्या थांबल्या. अंगातला प्राण अडला की दुखतं, वाट दिली की वाहतो, म्हणे. खरं-खोटं त्यांना ठाऊक. पण कॉलेज सोडल्यापासून जो तो मला उपदेशच करतो. बाईंनी केला नाही.

आत्या म्हणाली, "बाई, याला रोजच टोचत जा. लई शांत पडलाय!"

मला हसू फुटलं. सुई अलगद सुटली.

बाईंना हात जोडायचेही राहिले. मीरा अजून आवडते, व्हय. पण तिच्या मांडवात मूठ आवळून जाऊ?

दोस्त अमोल खाली हॉर्न वाजवतोय, गंगापूरला न्यायला आलाय. गाडी बंद कर, जायचं नाही म्हणून सांगतो. दार लावून खाली निघालो.